डावा पांढरा, उजवा बांडा

हातातला चहा आधी संपवा, मगच ऐका. मागच्या खेपेला आमच्या भाच्याला जोराचा ठसका लागला होता. माझ्या इंग्रजीनं एका विलायती मोटारीचं काय करून ठेवलं, ते सांगतो.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. मेहकरात इंग्रजी बोलणारे दोनच, एक मुन्सफ आणि दुसरा मी. अंगात किती हवा भरली असेल बघा. नोकरी मात्र नव्हती. बुलढाण्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी तर तोंडावर सांगितलं होतं, "आधी नोकरी दाखवा, मंग पोरगी न्या."

अशात डाकबंगल्यावर मोटार कंपनीचा साहेब उतरला. बरोबर रंगवलेल्या पत्र्याचे तुकडे आणि चामड्याचे नमुने. कोणत्या मुलुखात कोणता रंग चालतो ते विचारत फिरायचं आणि तशा गाड्या विलायतेत रंगवून घ्यायच्या, हा त्याचा धंदा. मी म्हणालो, "साहेब, गाईच्या कातड्यावर इथं कोणी बसणार नाही. बैठक कापडाची करा." साहेब खूश. म्हणाला, "इथल्या बड्या माणसाला विचारून ये. त्याच्या पसंतीची एक गाडी करू. त्यानं ती ठेवली, तर इथला एजंट तू."

तेवढ्या शहाणपणावर मी थांबायला हवं होतं, नाही का?

शेजारच्या गावी बापूसाहेब देशमुखांकडे गेलो. पोळा तोंडावर आलेला, बापूसाहेब गोठ्यात. मी विचारलं, "बापूसाहेब, नव्या गाडीले रंग कसा पायजे?"

"डावा पांढराफेक. उजवा बांडा."

बांडा म्हणजे पांढऱ्यावर तांबडे चट्टे. मी जरा चरकलो. "दोन बाजूले दोन?"

"मंग? एका रंगाचे तं कोनीबी ठेवते. लोकाईनं दुरून ओयखलं पायजे, देशमुखाची गाडी आली म्हनून."

"अन कापड?"

"झूल हिरवी. तिले लाल गोंडे. अन शिंगं लाल रंगवून, टोकाले पितळी शेंब्या."

शिंग म्हणजे हॉर्न, एवढं काय मला येत नव्हतं? मोटारीला हॉर्न असतोच. पळत साहेबाकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

साहेबानं सगळं वहीत उतरवून घेतलं. "हॉर्न एक की दोन?"

"दोन, साहेब," मी छाती काढून सांगितलं.

उन्हाळ्यात गाडी आली. साहेब ती घेऊन देशमुखांच्या गावात शिरला तेव्हा मी शेजारी ऐटीत बसलो होतो. रस्त्याच्या डावीकडचे म्हणाले पांढरी मोटार आली, उजवीकडचे म्हणाले बांडी आली, आणि आम्ही पोचायच्या आत पारावर भांडण जुंपलं.

बापूसाहेब बाहेर आले. गाडीभोवती सावकाश फिरले. हिरवी बैठक पाहिली, गोंडे हातात घेऊन पाहिले. साहेबानं दोन्ही लाल हॉर्न वाजवून दाखवले.

"नारायणा, हे काय होय बे?"

"तुमीच तं सांगतलं होतं बापूसाहेब. डावा पांढरा, उजवा बांडा."

"अबे, ते म्या बैलाईचं सांगतलं! पोयाले गाडीची जोडी घेऊन राह्यलो होतो मी!"

नोकरी गेली, पोरगी गेली, आता बुलढाण्याला तोंड कसं दाखवू? खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं. साहेब विचारत होता, काय म्हणतात, काय म्हणतात? आणि मला इंग्रजीतला एक शब्द आठवेल तर शपथ.

तेवढ्यात बापूसाहेबांना हसू फुटलं. पोट धरून हसले आणि धपकन हिरव्या बैठकीवर बसले. गावाला एक फेरी मारून आले ते मिशीला ताव देतच. "झ्याक हाय. जिल्ह्यात अशी कोनाजवयच नसन. ठेवतो मी."

मी एजंट झालो. पुढच्या महिन्यात लग्नही लागलं.

फक्त कंपनीनं एक नियम घालून दिला. गिऱ्हाईकाला रंग विचारायचा असला की साहेब मला बाहेर बसवायचा, आणि आत जाऊन पत्र्याचे तुकडे दाखवत खाणाखुणांनी विचारायचा. साहेबाला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी त्यानंतर एकही गाडी चुकीच्या रंगाची आली नाही.