देवराईत पाहुणा राहिलेला हिरडा

आमच्याकडं आंदर मावळात आता पुष्कळ जण राख नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात घालतात आणि वर झाड लावतात. आमच्या ह्यांची राख बांधावर पुरली, वर हिरडा लावला. जन्मभर रानातला हिरडाच गोळा केला ना त्यांनी. पण तिथली वरची माती रस्त्याच्या कामात जेसीबीनं खरवडून नेलेली, उरलेला नुसता मुरूम. रोप वाळलं. दुसरं लावलं, शेणखत घातलं, तेही वाळलं. मला रडू काही आलं नाही. हे गेल्यापासून चहा गोड की फिका, तेसुद्धा कळत नव्हतं. एवढंच डोक्यात, की त्या जागी झाड पाहिजे. नाहीतर तिथं कोण आहे, हे कुणाला कळायचं?

देवराईत मात्र हिरडे आपले आपण उगवतात. पाचोळा बाजूला केला, की खाली काळी भुसभुशीत माती आणि मुळांना धरून बसलेलं पांढरं, सुतासारखं जाळं. कॉलेजात शिकणारी नात म्हणाली, "आजी, ती बुरशी. मुळांना पाणी आणि खत आणून देते, झाड तिला साखर देतं. मुरमात ती नाही."

म्हणजे टोपलीभर माती आणली की झालं. पण देवराईतलं वाळकं पानही कुणी घरी नेत नाही. चुलत दीर तिथले पुजारी. त्यांनी कौल लावला, देवाच्या दगडाला दोन बाजूंना फुलं चिकटवली. डावं पडलं. म्हणजे नाही.

"बरं," म्हटलं आणि उठले.

"आवं वयनी, थांबा की! माती न्यायची न्हाई. पण रोप हितं पाहुणं म्हणून आणायला कोण न्हाई म्हंतंय? पुढल्या पावसापत्तुर ऱ्हाऊ द्या."

"आन मग?"

"मग न्या घरी. पाहुण्याला जाताना कुणी म्हंतं का, पाय झाडून जा?"

"देवाला फशिवताय व्हय, भावजी?"

"त्यो माझ्यापरीस बेरकी हाय. इचारतो की त्यालाच."

उजवं पडलं.

वर्षभर नवं रोप राईत राहिलं. मग मुळांची माती तशीच ठेवून बांधावर आणलं. उन्हाळा गेला, वाळलं नाही. पालवी फुटली.

दीर विचारतात, "आता बरं वाटतंय न्हवं?" मी व्हय म्हणते. खरं सांगू, अजून काही वाटत नाही. सकाळी अंगण झाडते, बांधापर्यंत जाते, झाडाला पाणी घालते. खाली पानं पडलेली असतात. तिथं केरसुणी नेत नाही.