महाराजाचं दार लोटेल हाय

“सर, तुम्ही माझा खुनी सोडून दिलात,” नसरीन मॅडम फोनवर म्हणाल्या.

मी लातूरच्या एका छोट्या प्रकाशनात संपादक आहे. मॅडम नांदेडच्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांची पहिली कादंबरी नुकतीच छापून त्यांच्या हातात पडली होती. नांदेडची काही मंडळी हिमाचलात साधना शिबिराला जातात, बर्फात अडकतात आणि एका सकाळी शिबिराचे महाराज खोलीत मेलेले सापडतात. दाराला आतून कडी. मग मारणारा बाहेर गेला कसा?

“महादू चहा घेऊन जातो ते पान काढा.”

महादू म्हणजे बिलोलीहून सोबत नेलेला आचारी. हाक मारून उत्तर येत नाही म्हणून तो चहा परत आणतो. मी त्याचं वाक्य वाचलं. “महाराजांचं दार बंद आहे.”

“आणि मी काय लिहिलं होतं?”

मला हस्तलिखित बघावं लागलं नाही. “महाराजाचं दार लोटेल हाय.”

लोटलेलं म्हणजे नुसतं ढकलून ठेवलेलं, कडी न लावलेलं. महाराजांच्या पुतण्यानं कडी आधीच उचकटून ठेवली होती. मग सगळ्यांसमोर “आतून कडी आहे” असं ओरडून त्यानं खांद्यानं दार ‘फोडलं’. शेवटी तपास करणाऱ्या बाई एवढंच म्हणतात, “महादूनं त्याच सकाळी सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही.” वाचकानं पानं मागं उलटावीत आणि चपापावं, अशी मॅडमची योजना. आता मागं गेलं तर तिथं काहीच नव्हतं.

महादूची बोली प्रमाण मराठीत आणा, असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी निलंग्याचा. आई आजही ‘दार लोट’ म्हणते. पुण्यात शिकताना माझ्या बोलण्यावर पोरं हसायची. तेव्हापासून ‘हाय’ दिसलं की माझा हात आपोआप चालतो. शेवटचं प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, मॅडमना पाठवायचं राहिलं होतं. गरज नाही, असं मीच म्हणालो होतो.

मी मालकांकडे गेलो.

“पुन्हा छापायचं? येडा झाला का तू? शुद्धिपत्र चिकटव की.”

शुद्धिपत्र म्हणजे चुका दुरुस्त करणारी चिठ्ठी. ती पुस्तकाच्या सुरुवातीला लावतात.

“साहेब, ‘बंद’ऐवजी ‘लोटेल’ वाचावे, असं पहिल्याच पानावर छापलं तर खून तिथंच उलगडतो.”

मालक हसले. “मंग अजून धा-वीस चुका टाक. गर्दीत कोण बघून राहिलं?”

मी बसलो. ऱ्हस्व-दीर्घ शोधले. पुरेसे सापडेनात, तेव्हा पुस्तकात बरोबर असलेले शब्दही ‘अशुद्ध’च्या रकान्यात घातले. मॅडमना वाचून दाखवलं.

“एक खरी चूक लपवायला एवढ्या खोट्या? माझ्या कादंबरीतल्या पुतण्यालासुद्धा हे सुचलं नसतं, सर.” मग त्या म्हणाल्या, “दुसरा रस्ता आहे का?”

“नाही.”

“मग टाका.”

स्थानिक दैनिकात परीक्षण आलं. कथेवर दोन ओळी होत्या. बाकी सगळं शुद्धिपत्रावर. परीक्षकानं लिहिलं होतं: लेखिकेची मातृभाषा मराठी नाही हे समजू शकतो. पण मराठीच्या शिक्षिकेनं इतकं अशुद्ध लिहावं?

मी खुलासा लिहिला. चुका माझ्या आहेत, असं त्यात होतं. मालक म्हणाले, “प्रकाशनाची अब्रू वेशीवर टांगतो का?” मी तो पाठवला नाही. मालकांनी माझा हात धरला नव्हता.

काही आठवड्यांनी मॅडम लातूरला आल्या. त्यांच्या दुसऱ्या कादंबरीचं बाड माझ्याकडे होतं, ते परत मागितलं. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

“शाळेत काय म्हणतात?” मी विचारायला नको होतं.

“मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, पुढच्या वेळी छापायच्या आधी आमच्यापैकी कुणाला दाखवत जा.” त्या हसल्या. “वीस वर्षं त्यांच्या नोटिसा मी तपासून देते.”

“हे आता कुठं देणार?”

“कुठंच नाही.” बाड पिशवीत घालून त्या उठल्या.

पुस्तकावर लेखकाचं नाव असतं. शुद्धिपत्रावर संपादकाचं नसतं. चुकीखाली माझं नाव जाणार असतं, तर मी बिलोलीच्या महादूला त्याचं वाक्य त्याच्या शब्दांत बोलू दिलं असतं.