दर जूनचे पोहे

दर वर्षी जूनमध्ये एक दिवस शैला स्टाफरूममध्ये पोह्यांचा मोठा डबा आणायची. तो तिच्या मुलाखतीचा दिवस असायचा. धारवाडच्या आमच्या कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवायची, पण तासिकेवर. वर्ष संपलं की नोकरी संपायची आणि जूनमध्ये त्याच नोकरीसाठी पुन्हा मुलाखत. मी विभागप्रमुख, कायम नोकरीतली, म्हणून टेबलाच्या पलीकडे मी. जिच्या डब्यातली चटणी वर्षभर खाल्ली, तिलाच गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "आपलं नाव?"

बाहेर आली की ती डबा उघडायची. "बघण्याचा कार्यक्रम झाला, आता पोहे खावा सगळ्यांनी. आमचे अप्पा दाजीबानपेठेत एकाच कापडदुकानात म्हातारे झाले बघा. मालकानं कधी विचारलं नाही, तू कोण म्हणून. मी मात्र दर जूनला नवी नवरी. स्थळ तेच, बघणारे तेच." आम्ही हसायचो आणि पोहे संपवायचो.

कलघटगीहून ती बसने यायची, बहुतेक उभ्यानेच. रोजगाराचा धडा शिकवताना कायम आणि कंत्राटी नोकरीतला फरक स्वतःचंच उदाहरण देऊन सांगायची. कशाला गं, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "दुसरं उदाहरण कुठं शोधू अक्का? वर्गातच नमुना उभा आहे की." मला तिचं कौतुक वाटायचं. आपण तिच्या जागी नाही याचं आतून बरंही वाटायचं.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण तिनेच केलं. माझी जागा तिला मिळेल असं सगळे धरून चालले होते. पण जागा भरायचीच नाही असं ठरलं. विद्यार्थी घटले होते, तासिकेवरची एकच बाई पुरेल म्हणाले. मग मे महिन्यात प्राचार्यांचा फोन आला, "मॅडम, तासिकेवर तुम्हीच या ना." पेन्शन सुरू होती, पण मुलगी बेंगळुरूला आणि घर खायला उठायचं. विचार करून सांगते, एवढंही मी म्हटलं नाही. मुलाखत रीतसर होणार आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

जूनमध्ये त्या खोलीबाहेरच्या बाकावर शैला बसली होती, मांडीवर डबा. मी मुलाखत घ्यायला आले असं वाटून ती दार उघडायला उठली. मी बाकावर बसले, तेव्हा तिला कळलं.

ती परत बाकावर बसली. मग सरकून मला नीट जागा केली. "पहिलीच वेळ की हो तुमची. ओळखत असले तरी नाव विचारतील. हसायचं नाही, सांगायचं." माझ्या पदराची सुटलेली पिनही तिने लावली.

"शैला, मी घरी जाते."

"इरली बिडी अक्का," ती म्हणाली. असू द्या, सोडा.

जाते म्हटलं खरं, पण मी उठले नाही. आधी तिला बोलावलं, मग मला. मी बाहेर आले तेव्हा तिने डबा माझ्यापुढे धरला. "खावा. कार्यक्रम झाल्यावर खायचे असतात." मी खाल्ले. तिने घेतले नाहीत.

निवड माझी झाली. शैला आता कलघटगीत घरी शिकवण्या घेते असं ऐकते. फोन करायला मी धजत नाही.

उद्या वर्गात रोजगाराचा धडा आहे. उदाहरण म्हणून सांगायला आता मीच उभी आहे, आणि स्वतःचं नाव घ्यायची मला लाज वाटते.