पांढरी फिल्म आणि डॉ. मनोरमाबाई

डॉ. मनोरमाबाई धारप यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझं मनगट मोडलं त्या दिवशी. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी बसली होती. कॉलेज मी त्याआधीच अर्ध्यावर सोडलं होतं. परळच्या इस्पितळात एक्स-रेच्या टेबलावरसुद्धा माझ्या घोषणा चालूच. बाई शांतपणे म्हणाल्या, "मुंबई आपल्याला हवीच आहे. पण तूर्त हात हलवू नका, चित्र बिघडतं." मी हात टेबलावर सपाट ठेवला. मनगट जुळल्यावर त्यांनीच मला फिल्म धुण्याच्या अंधारखोलीत कामाला घेतलं.

बाईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेविषयी या गौरवग्रंथात मोठी माणसं लिहितीलच. मी त्यांच्या फिल्म धुतो, त्या नात्याने लिहितो.

बायकांच्या छातीतली गाठ वेळेवर सापडावी, हा बाईंचा ध्यास. त्यासाठी आधी छातीतला भाग किती दाट आहे ते मोजायला हवं, असं त्या म्हणतात. चरबी फिल्मवर काळसर उमटते, दाट भाग पांढरा. आणि गाठही पांढरीच, म्हणून दाट भागात ती लपते. तरुणपणी दाटपणा बहुधा जास्त. म्हणून बाई प्रत्येक फिल्मच्या कडेला ॲल्युमिनियमची पायऱ्यापायऱ्यांची पट्टी ठेवतात. पट्टीची जाडी वाढते तशी तिची सावली पांढरी होत जाते. छातीचा पांढरेपणा कितव्या पायरीशी जुळतो, ते वहीत. मग अंधाऱ्या खोलीत छातीखाली दिवा धरून उजेड कितपत आरपार येतो, तेही वहीत. दोन्ही नोंदी पुष्कळदा जुळत नाहीत. "जुळलं नाही तेच आधी लिहा," हा त्यांचा शिरस्ता.

हे सगळं मला पाठ होतं, तरी चुकलो. लालबागच्या एका चाळीतल्या यमुनावर माझा जीव जडला होता. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या खात्याला ठाऊक आहे. तिची थोरली बहीण ताराबाई मसाला कांडायला जातात. वय तिशीच्या आसपास. छातीत काहीतरी लागतंय म्हणाल्या, म्हणून मीच दोघींना आणलं. बाईंनी हाताने तपासलं, मग फोटो काढला. मी टाकीतून फिल्म वर काढली तर एकसारखी पांढरी, कुठे डाग नाही. ती सुकायचीही वाट न पाहता मी लालबाग गाठलं आणि "काही नाही!" म्हणून सांगून टाकलं. यमुना हसली. ताराबाईंनी हातावर पेढा ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी दिव्याच्या तपासणीला त्या आल्याच नाहीत.

बाईंनी फिल्म पट्टीशी ताडून पाहिली. शेवटच्या पायरीहूनही पांढरी. "यात गाठ असली तरी दिसायची नाही. ताराबाई का आल्या नाहीत?"

मी खरं ते सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. त्यांनी डगला काढून खुंटीला लावला. "चला, घर दाखवा."

हरताळ होता, ट्राम बंद. आम्ही चालत निघालो. चाळीचे तीन जिने बाई दोनदा थांबून चढल्या.

ताराबाई दारातच म्हणाल्या, "आता कित्याक येव? तुमच्याच माणसान सांगल्यान, काय एक नाय म्हणान."

"चूक आमच्या खात्याची," बाई म्हणाल्या. "फोटोत आम्हाला काही दिसलं नाही, एवढंच खरं. गाठ नाही, असं तो फोटो सांगूच शकत नाही."

"मगे येवढा मोठा मशीन ठेवलात कित्याक, शोभेक?"

बाई हसल्या. "मशीनलाही सगळं दिसत नाही हो. पण माझ्या बोटांना काहीतरी लागलं होतं. मला परत पाहू द्या."

ताराबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे? माझ्या घरचो पेढो खावन गेलंस मां?"

मी दोन पायऱ्या खाली उतरलो.

"त्यांना नंतर रागवा," बाई म्हणाल्या. "आधी माझ्यासोबत चला."

ताराबाईंनी चपला घातल्या.

दिव्याच्या उजेडातही गाठ नीट दिसली नाही. बोटांना मात्र पुन्हा लागली. सर्जननी ती काढली. रोग होता, पण लहान होता, काखेपर्यंत पोचला नव्हता. माझ्या बातमीवर विसंबून त्या घरीच राहिल्या असत्या तर, हा विचार मला फार पुढे नेववत नाही.

बाईंनी चूक कुणाच्या नावावर टाकली नाही. फक्त तेव्हापासून फिल्मच्या प्रत्येक पाकिटावर पायरीचा आकडा येतो, आणि वरच्या पायऱ्यांपुढे त्यांच्या अक्षरात: "चित्रावर भिस्त ठेवू नये. हाताने पाहावे."

यमुना माझ्याशी अजून बोलत नाही. एकदा धीर करून बाईंना म्हटलं, तुम्ही माझी बाजू सांगा ना. म्हणाल्या, "सांगेन की. पण जे झालं तेच सांगेन. चालेल?" मी राहू द्या म्हटलं.

या लेखासाठी ताराबाईंना विचारलं, तुमच्यातर्फे काय लिहू? मुसळ भिंतीला टेकवून म्हणाल्या, "लिही, माजा उरलेला आयुष्य बायेंका लागांदे." मग मुसळ पुन्हा हातात घेतलं. "नको. अर्धा लिही. माका पण होया."

त्या अर्ध्यात आम्ही खात्यातले सगळे आपापली भर घालतो. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांची नजर आणि बोटं अशीच शाबूत राहोत.