गुरुवारची गडद ओळ

भडगावच्या कॉलेजला जाणारी सकाळची बस बंद होणार, हे माझ्याच टेबलावरून साहेबांकडे गेलं. एसटीच्या धुळ्यातल्या ऑफिसात बसच्या तिकिटांचा डेटा सांभाळायचं काम माझं. लाखो नोंदी, आणि साहेबांना हवी फक्त सरासरी. सरासरीत ही बस रिकामी होती.

त्याच बसने माझी भाची कॉलेजला जाते. माझ्या भावाने फोनवर एका वाक्यात निकाल लावला, "बस नही ते कॉलेज नही." तो असाच. मी चिडून फोन ठेवला.

मग त्या एका फेरीच्या वर्षभराच्या नोंदी काढल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे चौकोन मांडले. प्रवासी जास्त, तर चौकोन गडद. सगळं कॅलेंडर पांढरंफटक, फक्त गुरुवारची आडवी ओळ गडद निळी. आकड्यांच्या ढिगात हे कुणाला दिसणार! मला वाटलं, गुरुवारी बाजार असेल. भाचीला विचारलं.

"फुई, बजार ते शनवारले रहास," ती हसली. "गुरवारले आपला कंडक्टर भाऊ सुट्टीवर रहास. दुसरा बठ्ठास्ना पास मशीनवर लावस."

म्हणजे गुरुवारी सगळ्यांचे पास मशीनवर नोंदले जात होते, आणि इतर दिवशी पासवाल्या पोरी मशीनमध्ये येतच नव्हत्या! काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बसले होते. रविवारी गावी जाऊन त्या कंडक्टरभाऊंना गाठलं.

"आपला गावन्या पोरी शेतस ताई. त्यास्ना पास काय देखाना?" ते म्हणाले. लेकीबाळींकडे पास मागणं त्यांना शोभत नव्हतं. त्यांच्या या मायेनेच बस रिकामी ठरली होती. मी तसं सांगितलं, तेव्हा ते डोक्याला हात लावून ओट्यावर बसले.

चित्र साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी महिनाभराची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी पहिल्यांदाच पास मागितला, तर पोरी रुसल्या म्हणे. रुसू देत. महिना संपल्यावर मी तेच कॅलेंडर पुन्हा उघडलं. आता कॉलेजचे सगळेच दिवस गडद निळे होते, गुरुवारची ओळ वेगळी ओळखूच येत नव्हती. साहेबांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि बंद करायच्या फेऱ्यांतून तिचं नाव खोडलं.

मी भावाला फोन लावला. "बस चालू शे," एवढंच मी म्हणाले, आणि भर ऑफिसात मला रडू फुटलं.