तंदुरुस्ती चौतीस

कारखान्यात त्याला सगळे घड्याळ म्हणत. फाटकालगतच्या टाइम ऑफिसात तो सव्वीस वर्षं हजेरी घेत होता आणि एक मिनिटाचा उशीर त्याच्या लेखी एक मिनिटाचाच असे. सख्खा मेहुणा उशिरा आला तेव्हाही त्याने लाल शाईच वापरली होती. मेहुणा अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.

घरी स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या बोळात एक टेबल होतं आणि टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. त्यावर फक्त एकच गोष्ट चाले. कधीच बंद पडलेल्या कुठल्याशा कंपनीने काढलेला क्रिकेटचा खेळ. त्यात बॅट फिरवायची नसते. संघ निवडायचा, फलंदाजीचा क्रम लावायचा आणि काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटताना बघत बसायचं. निर्धाव. एक धाव. निर्धाव. बाद. चित्र नाही, टाळ्या नाहीत. नव्या खेळांत गवतसुद्धा हलतं, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. तो म्हणाला, "गवत बघायचं तर मी मैदानात जाईन."

चौदा वर्षं तो हा खेळ खेळत होता. संघातले अठराही खेळाडू त्याने बदलले होते. तिथे आता लेथ विभागातली अठरा माणसं होती. खेळात नावाला आठच अक्षरांची जागा, म्हणून त्याने सगळ्यांचे हजेरी नंबर घातले. ते त्याला तोंडपाठ होते. प्रत्येकाचं वय, तंदुरुस्ती, फॉर्म आणि दडपणाखाली तो कसा टिकतो याचे शंभरपैकी आकडे. मोसम संपला की तो हे आकडे खऱ्या माणसांकडे बघून दुरुस्त करी. कोण जिना चढताना थांबतो, कुणाचा हात थरथरतो, कोण मुकादमासमोर ताठ उभा राहतो, हे खिडकीतून दिसतच असे. खोटा आकडा घातला की खेळात राम उरत नाही, असं त्याचं मत होतं.

"तुमच्या अठराजणांना डबा द्यावा लागत नाही, तेवढे उपकार," बायको म्हणायची.

संघाचा यष्टिरक्षक होता भोंगा. लेथवरचा जुना कारागीर. तो बोलू लागला की मशीन बंद करावं लागतं असं लोक म्हणत, म्हणून भोंगा. दर रविवारी दुपारी तो यायचा, स्टुलावर बसायचा आणि संघनिवडीवर वाद घालायचा. एकदा स्वतःच्या नंबरासमोर तंदुरुस्ती त्र्याहत्तर बघून तो हसत सुटला.

"त्र्याहत्तर? अरे घड्याळा, माझा डावा गुडघा बघ जरा. चार महिने झाले, मशीनला टेकून उभा असतो मी. कुणाला सांगू नकोस. कर कमी."

"किती करू?"

"कर चौतीस. यष्टींमागे उभा राहीन, बसणार नाही."

घड्याळाने चौतीस केले. भोंग्याला मात्र त्याने संघातून कधी वगळलं नाही.

एकदा कॉम्प्युटर बिघडून अख्खा मोसम पुसला गेला होता. तेव्हापासून तो दर मोसमाचे आकडे हजेरीच्या कोऱ्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवी. नंबर, वय, तंदुरुस्ती, फॉर्म, दडपण. फलंदाजी-गोलंदाजी फारशी बदलत नसे, ती तो लिहीत नसे. हा कागद खूण म्हणून हजेरीपुस्तकात असायचा.

त्या वर्षी नवे मॅनेजर आले आणि त्यांनी हजेरीपुस्तकं वर मागवली. घड्याळ ती घेऊन गेला. पानं चाळता चाळता साहेबांच्या हाती तो कागद आला. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"हे कुणी केलं?"

"मी, साहेब."

"कुणी सांगितलं नसताना?"

साहेब, तो खेळ आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण दारात शिपाई उभा होता. संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना पोट धरून हसला असता. आणि सव्वीस वर्षांत त्याने लिहिलेला कागद कुणी असा उजेडाकडे धरला नव्हता. लेथ विभागातली माणसं कमी करायची आहेत ही कुजबुज त्याच्या कानावर आलेली होती. तो म्हणाला, "हो."

"अशी माणसं हवीत," साहेब म्हणाले आणि कागद खणात ठेवला.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, टाइम ऑफिसात आठ बंद लिफाफे आले. सुटीच्या वेळी ते वाटून सह्या घ्यायचं काम त्याचंच. भोंग्याने न उघडताच सही ठोकली. "कुणाचं लग्न काढलंस रे?"

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी आला. स्टुलावर बसला. लिफाफा टेबलावर ठेवला. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

"चौतीस लिहिलंय," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज एवढा हळू घड्याळाने कधी ऐकला नव्हता. "हा आकडा दोघांनाच ठाऊक होता."

"मी दिला नाही. सापडला त्यांना."

"आणि मग तू सांगितलंस ना, की हा खेळ आहे?"

घड्याळ कीबोर्डकडे बघत राहिला.

"बरं," भोंगा म्हणाला. "लाव तुझा खेळ."

पडद्यावर अठरा नंबर आले.

"मला काढ."

"असू दे ना. इथे कशाला?"

"नोकरीवरून काढलेला माणूस टीममध्ये ठेवतोस? नियमाचा माणूस ना तू? काढ. आणि माझ्याबरोबरचे सातही."

घड्याळ हलला नाही. भोंग्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने, नंबर विचारून विचारून, आठही जणांना काढलं. घड्याळ नंबर सांगत गेला. मग भोंग्याने सामना सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: किमान अकरा खेळाडू हवेत.

"दहाच उरले," घड्याळ म्हणाला.

"मग तू उतर. चौदा वर्षं बाहेर बसून नंबर देतोयस." तो गुडघ्यावर हात दाबून उठला. "माझा आकडा मी सांगितला होता. तुझा तू लिही."

जिन्यावर त्याचं पाऊल ऐकू येत राहिलं. एक पायरी, थांबणं, एक पायरी. बायकोने विचारलं, भावजी चहा न घेताच गेले का?

घड्याळाने अकराव्या जागी स्वतःचा नंबर घातला. वय त्रेपन्न. तंदुरुस्ती साठ; ती खरी होती. फॉर्म चाळीस. शेवटचा रकाना दडपणाचा. त्याने शून्य टाकलं. मशीनने बारीक आवाज केला आणि आकडा पुसून टाकला. तिथे एकपेक्षा कमी चालत नाही.

एक हा आकडा खोटा होता. त्याने तोच टाकला आणि सामना सुरू केला.