प्लास्टिकला कव्हर

वस्तू जपण्याच्या बाबतीत आमच्या घरमालकीण काकींचा हात धरणारं माणूस अख्ख्या रोह्यात नाही, आणि शोधत पेणपर्यंत गेलात तरी सापडायचं नाही. त्यांच्या घरात उघडी अशी वस्तूच नाही. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, गॅसच्या टाकीला झालर लावलेलं कव्हर. टीव्हीचा रिमोट पिशवीत आणि त्या पिशवीला रबर. पाऊस असला की त्या जुनी छत्री घेऊन बाहेर पडतात, नवी भिजेल म्हणून. मी एकदा विचारलं, काकी, मग नवी वापरणार कधी? त्या म्हणाल्या, "वापरायला नाय घेतली गो. असावी म्हणून घेतली."

पण सगळ्यात जास्त जपला तो सोफा. काका धाटावच्या केमिकल कंपनीत कायम झाले त्या वर्षी घेतलेला, तीन माणसांचा. दुकानातून आला तेव्हाचं प्लास्टिक अजून त्याच्या अंगावर होतं. प्लास्टिकवर चादर, चादरीवर पाहुणे आले की अजून एक चादर. काका शिफ्टवरून यायचे तेव्हा कपड्यांना कंपनीचा वास असायचा. तो वास सोफ्याला लागेल म्हणून काकींनी त्यांच्यासाठी दाराजवळ एक स्टूल ठेवलं होतं. काका रिटायर होऊन तीन वर्षं झाली. वास गेला, शिफ्ट गेली, पण काका आपले स्टुलावरच. कोणी त्यांना बसू नका म्हणालं नव्हतं आणि बसा असंही म्हणालं नव्हतं.

मी मूळची परभणीकडची. आठवीतून शाळा सुटली, लग्न झालं, नवरा धाटावला कंत्राटावर लागला म्हणून इतक्या लांब आले. खोली शोधताना प्रत्येक जण विचारायचा, इथं तुमच्या ओळखीचं कोण? ओळखीचं कोणीच नव्हतं. काकींनी एवढंच विचारलं, की शिलाई मशीन आणणार ती तेल गाळते का. गाळत नाही म्हटल्यावर मागची खोली दिली आणि संध्याकाळी भात आणि वालाचं बिरडं झाकून पाठवलं. टोपावर झाकण, झाकणावर फडकं, फडक्याला गाठ. ती गाठ सोडताना मला रडू आलं. तेव्हापासून मनात एकच भीती, की आपल्या हातून काकींचं काही बिघडू नये.

आणि मग सोफ्याचं प्लास्टिक कोपऱ्यात फाटलं. दुसरं कोणी असतं तर त्यानं ते काढून टाकलं असतं. काकींनी ठरवलं, प्लास्टिक खराब व्हायला लागलंय, त्याला कव्हर शिवून घेऊ.

कापडासाठी आम्ही पेणला तीन खेपा केल्या. गाडीत बाकावर वर्तमानपत्र अंथरून काकी बसायच्या आणि पेण येईपर्यंत त्यांचं मन दोनदा बदलायचं. निघताना निळं, नागोठण्याला हिरवं, पेणला उतरताना "नकोच, परत जाऊ." दुकानदाराकडून नमुन्याचे तुकडे मागून आणले आणि ते दोरीवर टांगून काकींनी त्यांची परीक्षा घेतली. एकावर चहा, एकावर बिरड्याचा रस्सा, एकावर डोक्याचं तेल. मग दारात येईल त्याला विचारायचं, मळखाऊ कोणता? पोस्टमन म्हणाला चॉकलेटी, गॅसवाला म्हणाला काळा, भाजीवाली म्हणाली तुमच्या घरात मळ येणार कुठून. काकांना मात्र विचारलं नाही. मी सुचवलं तर म्हणाल्या, "त्यांना काय इचारायचं? ते कुठं बसतात त्याच्यावर."

शेवटी भाताच्या तुसाच्या रंगाचं कापड ठरलं. काकींचं माहेर भातशेतीचं. त्या म्हणाल्या, तुसावर धूळ बसली तर तुसालाही कळत नाही. दुकानदारानं मापाला आपला माणूस पाठवतो म्हटलं, तशा काकी ताठ झाल्या. परका माणूस सोफ्याला हात लावणार, गुडघा टेकणार, छे. "आमच्या घरात शिवणारी हाय," असं सांगून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी आयुष्यात ब्लाउज, परकर आणि उशीच्या खोळी यापलीकडे काही शिवलं नव्हतं. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, जमलं तर सांगा, आमच्याकडे अशी कामं येत असतात. काम मिळण्याची आशा होती, पण त्याहून मोठी भीती ही, की बारा मीटर कापड वाया गेलं तर काकींसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू, आणि मागच्या खोलीत राहू तरी कशी.

माप घ्यायला गेले तर काकी प्लास्टिक काढू देईनात. चादरही नाही. मला कळत होतं, असं माप घेणं बरोबर नाही. पण ज्या बाईनं आपल्याला थारा दिला तिला आठवी शिकलेल्या मुलीनं शिकवायचं कसं? मी सगळ्यावरून टेप फिरवला. पाऊण इंच आणि सव्वा इंच यांची बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी आली. कापड आधी भिजवून वाळवलं. कात्री लावताना काकी शेजारी डोळे मिटून उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे पुरते उघडे नव्हते.

आठ दिवसांनी कव्हर चढवलं. दिसायला छान बसलं. पण शिवण टिकते का ते माणूस बसल्याशिवाय कळत नाही. मी बसायला धजेना. काकी म्हणाल्या, शिवण उसवली तर माझा जीव जाईल. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "अवो, तुम्ही बसा बघू जरा."

काका उठले, आणि सोफ्याकडे न येता सरळ मोरीत गेले. भर दुपारी अंघोळ केली. निरोपसमारंभाला घातलेला पांढरा शर्ट घालून आले आणि अगदी कडेला टेकले. बसता बसता विचारलं, "वास येतोय का गो अजून?"

काकी काही बोलायच्या आत कव्हर प्लास्टिकवरून सरकलं आणि काका सावकाश, पाय पुढे करून, शर्टासकट खाली फरशीवर आले. लागलं काही नाही. चूक माझीच होती, प्लास्टिकवर कापड थांबणार कसं? मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, इतक्यात काकींनी माझ्या हातातली कात्री घेतली. कव्हर ओढून काढलं, चादर भिरकावली आणि सोफ्याच्या पाठीपासून ते प्लास्टिक टराटरा कापत गेल्या. आतला मूळचा रंग मी पहिल्यांदाच पाहिला. मोरपंखी. त्यावर कधीच कोणी बसलं नव्हतं.

कव्हर परत चढवलं तर चांगलं दोन-दोन इंच सैल. मी म्हटलं, काकी, उसवून परत शिवते, रात्रीच्या आत देते. काकींनी काकांच्या दंडाला धरून त्यांना मधोमध बसवलं. "टेकून बसा," म्हणाल्या, "नीट." मग कव्हराची सुरकुती हातानं सारखी करत मला म्हणाल्या, "राहू दे सैल. माणूस बसला की भरतं."

पेणचं काम मला मिळालं. आता प्रत्येक घरी माप घेताना मी आधी म्हणते, वरचं सगळं काढा, आणि म्हणताना अजूनही आवाज कापतो. काका सोफ्यावर पेपर वाचतात, दुपारी तिथंच डोळा लागतो त्यांचा. काकी मात्र सोफ्यावर बसत नाहीत. दाराजवळच्या त्या स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत वाल सोलतात. मी बसा म्हटलं तर म्हणतात, माझं काय गो, मला सवय नाय.

उरलेल्या कापडातून मी त्या स्टुलाला गोल खोळ शिवून दिली. काकींनी ती उलटसुलट करून पाहिली, शिवणीवरून बोट फिरवलं. आता स्टुलाला खोळ आहे. खोळीवर प्लास्टिकची पिशवी आहे. पिशवीवर काकी आहेत, आणि पिशवी काढायला सांगण्याचं धैर्य मला अजून झालेलं नाही.